दुष्काळ मोजायची पट्टी अजून वसुलीचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वसाहतवादाच्या खुणा पुसायच्या म्हणजे नेमके काय करायचे, यावर आपल्या दैनिकातल्या वाचकपत्रांत चर्चा चालू आहे. रस्त्यांची नावे, पुतळे, इंग्रजी माध्यम, १ जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे हे विषय त्यात येऊन गेले. ते गैरलागू नाहीत. पण दर दोन-चार वर्षांनी महाराष्ट्रातल्या लाखो कुटुंबांच्या पोटापाण्याचा निर्णय जिच्यामुळे होतो, त्या खुणेबद्दल कुणी लिहिल्याचे दिसले नाही. ती खूण म्हणजे पिकांची पैसेवारी, म्हणजे पूर्ण पीक एक रुपया धरून यंदाचे पीक किती पैसे आले याची मोजणी, आणि तिच्या पाठीशी उभा असलेला सातबारा. दुष्काळ पडला की नाही हे आपण आजही ज्या पट्टीने ठरवतो, ती पट्टी माणसांचे हाल मोजायला तयार झालेली नव्हती. यंदा शेतसारा किती वसूल करता येईल, एवढेच तिला मोजायचे होते. हे एकदा लक्षात आले की वसाहतवाद म्हणजे काय आणि तो गेल्यावरही मागे काय उरते, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. पत्र लांबले आहे, पण हिशेबाचा विषय असल्यामुळे तपशील गाळता येत नाहीत.

वसाहतवाद म्हटले की देशाबाहेर गेलेल्या संपत्तीची आठवण होते. दादाभाई नौरोजी, न्या. रानडे यांनी तो हिशेब मांडला आहे आणि तो खराच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. रयतेबद्दल सरकारला काय जाणून घ्यायचे होते आणि कशाशी कर्तव्य नव्हते, यावर गावचे सगळे दप्तर बेतले गेले. जमीन कोणाच्या नावावर, किती, कोणत्या प्रतीची, आकार (म्हणजे ठरलेला सारा) किती, हप्ता भरला की नाही, हे बारकाईने लिहिले गेले. त्या जमिनीत राबणारा कोण, त्याच्या घरात किती महिन्यांचे धान्य आहे, गुरांना वैरण आहे का, यासाठी रकानाच ठेवला नाही. राज्य १९४७ साली गेले, रकाने राहिले.

दख्खनपुरते बोलायचे तर सुरुवात इंदापुरापासून करावी लागते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे भागात पहिली मोजणी केली आणि लंडनमधल्या तेव्हाच्या अर्थशास्त्राला धरून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. निव्वळ उत्पन्न काढायला लागणारे आकडे गावपातळीवर विश्वासाने मिळण्यासारखे नव्हते. आकारणी इतकी चढली की शेतकरी जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. त्यांच्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या बहुतेक रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या) भागाला लागू झाले. वऱ्हाडातही हीच पद्धत आली. निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही तिचाच कित्ता गिरवला, त्यामुळे मराठवाड्याचे दप्तर वेगळ्या भाषेतले असले तरी सांगाडा ओळखीचा वाटतो. नागपूर-भंडाऱ्याकडची मालगुजारी आणि कोकणातली खोती यांची कथा निराळी आहे, ती इथे घेत नाही.

मोजणीदार ३३ फुटांच्या साखळीने नंबर, म्हणजे शेतजमिनीचे क्रमांक दिलेले तुकडे, मोजत. प्रतबंदी करणारा कारकून प्रत्येक नंबराचे साधारण सारखे चौकोन पाडून प्रत्येकात खणून बघे. माती किती खोल आहे ते हातात मोजायचे. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर पहिला वर्ग, म्हणजे १६ आणे. दीड हात असेल तर १४ आणे, सव्वा हाताला १२, एक हाताला १०, पाऊण हाताला ८. असे नऊ वर्ग उतरत शेवटी २ आण्यांपर्यंत येत. मग दोष बघायचे. चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, उतार किती, पाण्याच्या लोंढ्याने माती धुपते का, वरून पाणी साचते का. एका दोषामागे जमीन एक वर्ग खाली. सगळ्या चौकोनांचे आणे एकत्र करून नंबराची सरासरी काढायची आणि तालुक्याचा कमाल दर त्या प्रमाणात लावायचा. आज सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जे रुपये-पैसे छापलेले असतात, त्यांची मुळे अशा खड्ड्यांत आहेत.

हे काम कुशल होते, यात शंका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या मक्तेदारांनी रयत पिळून काढली होती. वेठबिगार होती, पाटील-कुलकर्ण्यांच्या भाऊबंदांना सवलत आणि बाकीच्यांवर बोजा, असेही चालत असे. गोल्डस्मिड-विंगेट यांच्या मोजणीनंतर इंदापुरात दर उतरले आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली. जुन्या राज्यात सगळे आलबेल होते, असे म्हणणारा इतिहास आम्हाला मान्य नाही. चूक मोजणीत नव्हती. मोजून झाल्यावर जो नियम केला, त्यात होती.

नियम असा की ठरलेला आकार ३० वर्षे कायम, रोखीत, ठरल्या हप्त्याला. पाऊस पडो न पडो. यामागचा युक्तिवाद कागदावर सरळ वाटतो. दर मुळातच चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरून बेताचा ठेवला आहे, तेव्हा शेतकऱ्याने चांगल्या वर्षी शिल्लक टाकावी आणि वाईट वर्षी तिच्यातून भरावे. प्रत्यक्षात शिल्लक पडत नाही आणि त्याला साधे कारण आहे. हप्त्याची तारीख सगळ्या गावाला एकच. सगळ्यांना एकाच वेळी रोकड हवी, म्हणून सगळे एकाच वेळी धान्य बाजारात आणतात आणि भाव पडतो. चांगल्या वर्षी तर जास्तच पडतो. पीक पिकते, पैसा होत नाही. पीक तयार होण्याआधी हप्ता आला तर तोही सावकाराकडूनच उचलावा लागे. पूर्वी जमाबंदीच्या (सारा ठरवण्याच्या) वेळी पाटील आणि कमाविसदार (पेशव्यांचा वसुली अधिकारी) यांच्यात यंदाचे पीक बघून घासाघीस होत असे. ती जागाच संपली. गावाने आपले म्हणणे मांडायचे ठिकाण उरले नाही, आणि वसाहती राज्याचा गाभा आम्हाला यात दिसतो.

त्यावर दुसरा घाव दिवाणी कायद्याचा बसला. आपल्याकडे दामदुपटीचा दंडक होता, म्हणजे व्याज कितीही साचले तरी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचे नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या साध्या खतावर (रोख्यावर) तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बुडीत ठरू लागला. कर्जदाराचे रक्षण व्हावे हा हेतू होता. झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी खत पालटून घेऊ लागला आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले. १०० रुपये साध्या २४ टक्क्यांनी घेतले तर तीन वर्षांनी १७२ होतात. खत पालटले की १७२ हे मुद्दल. आणखी तीन वर्षांनी ते जवळजवळ २९६ होते. दामदुपटीच्या हिशेबात हेच कर्ज २०० च्या पुढे गेले नसते. विंगेटने स्वतः १८५२ मध्ये सावकार आणि रयत यांच्या बिघडत चाललेल्या संबंधांबद्दल सरकारला लिहिले होते. पद्धत उभी करणाऱ्यालाच धोका दिसला होता, पण सारा वेळेवर येत असल्यामुळे सरकारला निकड वाटली नाही.

पुढचा क्रम अनेकांना ठाऊक आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. यादवी संपली आणि भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमाराला इंदापुरात ३० वर्षांची मुदत संपली आणि १८६७ मध्ये वाढीव आकारणी आली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून खते जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. चौकशी बसली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. कायदा सावकाराला आवर घालणारा होता. साऱ्याची रोकड आणि हप्ता यांना त्याने हात लावला नाही.

याच्या मधेच १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला. तेव्हा रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी १ पौंड धान्य आणि १ आणा अशी खाली आणली. पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, हे आपल्या सार्वजनिक जीवनातले मोठे काम मानले पाहिजे. १८८० चा दुष्काळ आयोग आणि १८८३ ची दुष्काळ संहिता यांतून जी पद्धत निघाली, तिचा पहिला प्रश्न असा होता: दुष्काळ खरा आहे हे ओळखायचे कसे? उत्तर म्हणून ‘कसोटीची कामे’ काढली गेली. काम कष्टाचे ठेवायचे आणि मजुरी जगण्यापुरती. तरीही माणसे आली तर दुष्काळ खरा. मागणाऱ्यावर आधी अविश्वास, मग मदत, हा क्रम तेव्हा ठरला.

सारा तहकूब करायचा की माफ करायचा, हे ठरवायला आणेवारी आली. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. मुंबई इलाख्याच्या नियमाप्रमाणे पीक ४ आण्यांच्या आत असेल तर पूर्ण सारा तहकूब, ६ आण्यांच्या आत असेल तर निम्मा. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहिता लोकांना समजावून सांगितली आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी ती गावागावांत नेली. तुमचाच नियम पाळा, एवढेच मागणे होते. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. गुजरातमधला १९१८ चा खेडा सत्याग्रह तर आणेवारीवरूनच झाला. शेतकरी म्हणत पीक ४ आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. भारत सेवक समाजातर्फे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर पाहणीला गेले. गांधीजींची मागणी होती की पीक किती आले हे निःपक्ष पंचांनी ठरवावे. नेमकी हीच मागणी सरकारला झेपणारी नव्हती, कारण मोजायचा अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला की राज्य कसले उरले?

गुजरातमधल्याच बारडोलीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या फेरआकारणीत सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी गावच्या खंडाच्या (कसायला दिलेल्या जमिनीच्या भाड्याच्या) नोंदींवर भिस्त ठेवून २९ टक्के वाढ सुचवली. सरकारने २२ टक्के लावली. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावे फिरून चौकशी केली. खंडाच्या ज्या नोंदींवर वाढ बेतली होती, त्या टिकल्या नाहीत आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. आपले तलाठी पिढ्यानपिढ्या ज्या गाव नमुन्यांवर हिशेब ठेवत आले, त्यांची पुस्तिका याच अँडरसन यांच्या नावाने ओळखली जाते. गाव नमुना ७ आणि १२ त्याच संचातले.

आता आजच्याकडे येऊ. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले. आज दुष्काळाचा उंबरठा ५० पैशांचा आहे. ४ आण्यांच्या मानाने तो दुप्पट उदार आहे, हे मान्य. पण घटक महसुली गावच राहिला. प्रमाण उत्पन्नाशी प्रत्यक्ष उत्पन्नाची तुलना करायची, हेही तसेच. मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचा प्रतिनिधी, शेतकरी अशी समिती असते. (यांतल्या काही पदांची नावे अलीकडे बदलली, कामे तीच आहेत.) हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीतले प्लॉट निवडतात. साधारणपणे १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखून त्यातले पीक कापतात, मळतात, वजन करतात. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरमध्ये अंतिम.

यात चुका कुठे शिरतात ते बघा. १० बाय १० चा प्लॉट म्हणजे हेक्टराचा शंभरावा भाग. प्लॉटमध्ये १ किलो वजन जास्त भरले तर हेक्टरी १ क्विंटल वाढते. सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न समजा हेक्टरी १० क्विंटल धरले, तर तेवढ्या एका किलोने पैसेवारी १० पैशांनी चढते. खरे उत्पन्न ४.६ क्विंटल असेल आणि प्लॉटमध्ये ओल, काडीकचरा मिळून अर्धा किलो जादा मोजला गेला, तर ४६ चे ५१ होतात आणि गाव दुष्काळातून बाहेर पडते. ओल किती हे बघायला आर्द्रतामापक लागतो आणि तो प्लॉटवर क्वचितच असतो. २० टक्के ओलीचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले तर ९१ किलोच्या आत येते. कुणी लबाडी केली नाही तरी एवढा फरक पडतो.

सरासरीचा घोळ याहून मोठा. गावात खरिपाखाली ४०० हेक्टर आहे असे धरू. त्यातले ३०० हेक्टर कोरडवाहू, पीक ४० पैसे. १०० हेक्टर कालव्याखाली, पीक ९० पैसे. क्षेत्राच्या भाराने सरासरी काढली तर साडेबावन्न पैसे. गावाची तीन चतुर्थांश जमीन हातची गेली आणि कागदावर गाव सुस्थितीत. शिवाय जे पीक फुलोऱ्यातच करपले आणि शेतकऱ्याने कुळवून टाकले किंवा गुरांना घातले, ते कापणी प्रयोगापर्यंत पोहोचतच नाही. उभे राहिलेले तेवढे मोजले जाते. रस्त्याकडेचा प्लॉट सोयीचा पडतो, डोंगरपायथ्याचा मागे राहतो. पीकविम्यातही असाच पेच आहे. उंबरठा उत्पन्न काढताना मागच्या सातपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. सातांत तीन वर्षे नापिकी गेली की त्यातले एक वाईट वर्ष सरासरीत येऊन बसतेच, आणि सतत अवर्षणात असलेल्या मंडळाला भरपाई मिळणे आणखी अवघड होते.

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, पाणीसाठे असे निर्देशांक आणले. उपग्रहाला गावकीचे राजकारण कळत नाही, एवढा फायदा झाला. पण वेड्या बाभळीचा आणि तणाचा हिरवेपणाही त्याला हिरवाच दिसतो, म्हणून शेवटी गावांत जाऊन पडताळणी करावीच लागते. निकाल काय लागले? ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ मध्ये निकषांत फक्त ४० तालुके बसले. ओरड झाल्यावर १०२१ महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करावी लागली. त्या वर्षी टंचाई ४० तालुक्यांच्या सीमेवर थांबली होती, असे कुणीही म्हणणार नाही.

जाहीर झाल्यावर मिळते काय, हे आम्हाला सर्वांत बोलके वाटते. शासन निर्णयातल्या सवलती ठरलेल्या आहेत: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, पंपांची वीज न तोडणे. यादीत पहिली सवलत जमीन महसुलाची आहे. बहुतेक जिरायत गटांचा वर्षाचा आकार आज काही रुपयांत असतो. तो माफ झाला काय, न झाला काय, शेतकऱ्याला पत्ताही लागत नाही. आठांपैकी बऱ्याच सवलती देणे कमी करण्याच्या किंवा वसुली लांबवण्याच्या आहेत. सारा तहकूब करण्यासाठी तयार झालेली व्यवस्था दुष्काळात काय देऊ शकते? तहकुबीच.

आणि ती देते कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. आपत्ती निधीच्या २०२२ ते २६ च्या निकषांत पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. वाटेकऱ्याने बी घातले, खत घातले, वर्षभर राबला, पण पैसे मालकाच्या खात्यावर जातात. नवरा गेल्यावर वारस नोंद झालेली नसेल तर बाईच्या हाती काहीच येत नाही. सामाईक खाते असेल तर सगळ्या भाऊबंदांचे संमतिपत्र आणावे लागते, आणि त्यातला एक जण सुरतेला किंवा भिवंडीला असतो. पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) म्हणून लिहिलेला तुकडा दोन पिढ्यांनी सपाट करून कसला असला, तरी तो मदतीच्या हिशेबात धरला जात नाही. गेल्या काही वर्षांत ‘अ’ वर्गाचा पोटखराबा लागवडीलायक म्हणून नोंदवायची सोय झाली आहे. तिचा लाभ घ्यायला अर्ज आणि पाहणी यांतून जावे लागते, म्हणून ती गावांपर्यंत फारशी उतरलेली नाही. भूमिहीन मजुराचे तर नावच नको. पीक बुडाल्यावर सगळ्यांत आधी त्याची मजुरी जाते आणि नुकसानीच्या पंचनाम्यात तो कुठेच नसतो. पीककर्जाचेही असेच. ३१ मार्चची तारीख गाठायला शेतकरी आठवडाभरासाठी खाजगी सावकाराकडून उचल घेऊन ‘नवे-जुने’ करतो, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे काढतो. बाजारभाव आणि तारीख यांची सांगड दीडशे वर्षांपूर्वी बसत नव्हती, आजही बसत नाही.

हा वारसा बदलताच येत नाही, असे आम्ही मुळीच मानत नाही. महाराष्ट्राने तो एकदा बदलून दाखवला आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात खडी केंद्रे, सुकडी, पाझर तलाव अशी कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे कामावर होती. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ज्या दुष्काळी कामाचा उपयोग इंग्रजांनी माणसाची परीक्षा घ्यायला केला, ते काम मागणे इथे माणसाचा हक्क झाले. काम मागायला सातबारा लागत नाही. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला याच अनुभवाचा आधार मिळाला. एवढे मोठे काम आपल्या राज्यात झाले असताना दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत मात्र महसूल खात्याच्या जुन्या चाकोरीतच का ठेवली, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

आमच्या सूचना मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच शासन निर्णयाने होण्यासारख्या आहेत. पैसेवारीचे प्लॉट ग्रामसभेत सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून निवडावेत. गावात कालव्याखालचे आणि कोरडवाहू असे दोन्ही क्षेत्र असेल तर दोन पैसेवाऱ्या काढाव्यात, सरासरी एक करू नये. प्रत्येक प्लॉटचा गट क्रमांक, कापणीची तारीख, ओलीचे प्रमाण आणि वजन ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लिहावे. आर्द्रतामापक मंडळाला एक दिला तरी पुरे. हरकत घ्यायची सोय आजही आहे, पण हरकतीला आधार लागतो आणि तो आधार म्हणजे हे आकडे. मोडलेल्या पिकाचे क्षेत्र ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून पीक नोंदवण्याच्या ॲपमध्ये) शून्य उत्पन्नाचे म्हणून नोंदवून सरासरीत धरावे. हे ॲप २०२१ पासून राज्यभर आहे, नुसता एक पर्याय वाढवावा लागेल. वाटेकऱ्याला मालकी हक्काला धक्का न लावता हंगामापुरता कसणारा म्हणून नोंदवता येईल का, याचा विचार व्हावा. कूळकायद्याच्या भीतीने मालक अशी नोंद होऊ देत नाहीत, तेव्हा ही नोंद कुळाचा पुरावा धरली जाणार नाही, असे कायद्यातच लिहावे लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पिकापासून सुटी अशी टंचाईची मोजणी. गावात पंधरवड्याला किती जणांनी काम मागितले, किती घरे गाव सोडून गेली, बाजारात वैरणीची पेंढी आणि शेळी कोणत्या भावाने गेली, पिण्याचे पाणी किती लांबून येते, रेशनचे धान्य उचलण्यात काय फरक पडला. वैरण महागणे आणि जनावरे मातीमोल भावाने विकली जाणे एकदम सुरू झाले, की पीक कापण्याची वाट बघायची गरज नसते. यातली बरीच माहिती ग्रामपंचायत, बाजार समिती, आशा ताई आणि रेशन दुकानदार यांच्याकडे आधीच असते. ती एका तक्त्यात येत नाही, कारण तसा तक्ता कुणी केला नाही. तो प्रत्येक तालुक्यात ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी तहसील कचेरीबाहेर लावावा आणि मजुरांना मदत देताना सातबाऱ्याऐवजी जॉबकार्ड आणि रेशनकार्ड धरावे. पुढच्या खरिपापूर्वी चार-दोन अवर्षणप्रवण तालुक्यांत, उदाहरणार्थ माण, जत, आष्टी आणि सिन्नरमध्ये, हा तक्ता आणि पैसेवारी शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. दोन्हींत तफावत पडेल त्या गावांत जिल्हाधिकाऱ्यांनी ग्रामसभा बोलावून गावकऱ्यांसमोर फेरपडताळणी करावी.

कळावे,
आपले,
शेती, महसूल आणि दुष्काळ या विषयांचे काही अभ्यासक, पुणे